‘बॉडीची तक्रार चालणार नाही’ असा शिक्का मारणाऱ्या जुन्या पिकअपच्या विक्रेत्यांना खुले पत्र

मराठवाड्यातले जुन्या पिकअपचे विक्रेते, यार्डवाले आणि मधली दलाल मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

हल्ली तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पावतीवर एक निळा शिक्का दिसतो. ‘गाडी पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेतली. बॉडी, दरवाजे, लॉक, फाळका यांची कोणतीही तक्रार चालणार नाही.’ फाळका म्हणजे हौद्याचं मागचं दार. आधी हे तोंडी चालायचं, आता छापून येतंय. इंजिनाबद्दल तुम्ही छातीठोक बोलता. गिअर, टायर, बॅटरी, कागद, कशाबद्दलही विचारलं तरी उत्तर तयार असतं. चालताना माणसाला गाडीत आणि मालाला हौद्यात धरून ठेवणारा जो भाग, तेवढाच नेमका शिक्का मारून वगळलाय. हे मला पटत नाही. पत्र तुमच्या नावाने आहे, पण येत्या दसऱ्याला गाडी घ्यायच्या विचारात असलेल्यांनीही ते वाचावं.

मी पत्र्याचं काम करतो. डेंटिंग, वेल्डिंग आणि हात रिकामा असला तर रंगकामही. अंबाजोगाई आणि केजच्या मधल्या पट्ट्यात माझं गॅरेज आहे, त्यामुळे एमएच २३, २४, २५, ४४, सगळ्या पासिंगच्या गाड्या दारात येतात. तुम्ही विकलेल्या गाड्या नव्या मालकासोबत पहिल्यांदा इंजिनवाल्या मिस्त्रीकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात. पहिल्या पावसात केबिनमध्ये पाणी आलं, दार लागेना, फाळक्याची कडी तुटली, असं काही ना काही असतं. इतके दिवस ते दुरुस्त करून देत होतो आणि गप्प होतो.

गप्प राहणं संपलं ते माझ्या बहिणीमुळे. दाजींनी मागच्या हंगामात एक पिकअप घेतली. मला विचारलं नाही. मेहुण्याला सोबत नेलं की तो खोट काढतो आणि सौदा मोडतो, असं त्यांना वाटलं असावं. रंग नवा, टायर बरे, आरटीओचा फिटनेस दाखला चालू. सोनं गहाण ठेवून पैसे उभे केले. पुढे एकदा भाजीचे कॅरेट घेऊन पहाटे बाजाराला निघाले होते. बहीण केबिनमध्ये डाव्या दाराशी बसलेली. उजव्या हाताच्या वळणावर दार उघडलं आणि ती डांबरावर पडली. वेग कमी होता आणि मागून गाडी नव्हती, म्हणून खांद्याचं हाड आणि मनगट यावर भागलं. दाजी विक्रेत्याकडे गेले. त्याने आवाज चढवला नाही, वाईटही बोलला नाही, चहा पाजला आणि पावतीवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

त्या विक्रेत्याचं नाव मी लिहिणार नाही. तो वेगळं काही करत नाही, बाकीचे करतात तेच करतो.

ते दार मी स्वतः खोललं. वरच्या बिजागरीची पिन झिजून अर्धी झालेली. नवी पिन घालायची सोडून तिला वरून वेल्डिंगचा ठिपका दिलेला. दार खाली लोंबत होतं म्हणून खांबावरची कडी, जिला आम्ही स्ट्रायकर म्हणतो, ती वायसर टाकून सरकवलेली. लॉकची स्प्रिंग ताणलेली. आणि या सगळ्यावर नवा पांढरा रंग. यातलं काहीही दाजींना दिसण्यासारखं नव्हतं. ‘गाडी पाहून घेतली’ म्हणता तेव्हा हे कुठून पाहायचं होतं त्यांनी?

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार लोंबणाऱ्या दाराची. पिकअपचं ड्रायव्हर बाजूचं दार दिवसभर उघड-झाप होतं, वर माणूस चढताना त्यालाच धरून चढतो. बिजागरीची पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजणारच, त्यात कोणाचा दोष नाही. दोष तुम्ही जे करता त्यात आहे. दाराखाली लाकडी ठोकळा लावून, नाहीतर जॅक देऊन बिजागरीच वाकवली जाते. यार्डात दार छान लागतं. गावाकडच्या रस्त्यावर महिनाभर गाडी चालली की ते पुन्हा खाली येतं, आणि वाकवलेली बिजागरी पहिल्यापेक्षा कमजोर झालेली असते. पिन-बुश बदलायला काही शे रुपये आणि अर्धा दिवस लागतो. घेणाऱ्यांनी एवढं करावं: दार वीतभर उघडून खालच्या कडेला हात घालून वर उचलावं. खडखड वर-खाली झालं तर पिन गेलेली आहे.

दुसरी तक्रार अर्ध्या खटक्याची. सगळ्यात धोक्याची हीच. दार आपटलं की लॉकमधली जीभ खांबावरच्या कडीभोवती फिरते आणि आतली खिटी तिला परत फिरू देत नाही. हे दोन टप्प्यांत होतं. पहिल्या खटक्याला दार अर्धं लागतं, दुसऱ्याला पुरतं. पहिला खटका हा आधार आहे, दार चुकून नीट लागलं नाही तर लगेच उघडू नये म्हणून दिलेला. दारांच्या लॉकसाठी जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत त्यांत पूर्ण लागलेल्या लॉकने सुमारे ११,००० न्यूटन ओढ सहन करावी अशी अट आहे, म्हणजे अकराशे किलोच्या आसपास. अर्ध्या खटक्याला हीच अट सुमारे ४,५०० न्यूटनची आहे. तीही नव्या, न झिजलेल्या लॉकची. आपल्याकडच्या जुन्या पिकअप वर्षानुवर्षं पहिल्याच खटक्यावर पळतात. बाहेरून दार लागलेलं दिसतं, फक्त कड बोटभर बाहेर असते आणि खड्ड्यात खडखडतं.

असं का होतं, तेही तुम्हाला माहीत आहे. दार लोंबलं की जीभ कडीच्या नेमकी समोर येत नाही. आपल्या भागातला फुफाटा लॉकच्या ग्रीसमध्ये बसून त्याचा घट्ट काला होतो, मग खिटी पूर्ण पडत नाही. त्यावर तुमच्याकडचं पोरगं डिझेल मारून देतं. लॉक तेवढ्यापुरतं मोकळं होतं, पण उरलंसुरलं ग्रीस धुऊन जातं आणि नवी धूळ थेट लोखंडावर बसते. आणखी एक प्रकार हल्ली फार बघतो. गाडी ‘तयार’ करताना दाराला बाजारातलं स्वस्त, जाड रबर लावतात. ते दाबलंच जात नाही, दार मागे उसळतं आणि पहिल्या खटक्यावर अडकतं. नव्या रबरामुळे घट्ट आहे, सैल होईल, असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. सैल होईपर्यंत त्या दाराशी कोण बसायचं?

हे तपासायला यंत्र लागत नाही. दार उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॉकची जीभ आत दाबावी. दोन वेगळे खटके स्पष्ट ऐकू आले पाहिजेत, हँडल ओढल्यावर जीभ एका झटक्यात सुटली पाहिजे, आणि दुसऱ्या खटक्यानंतर नुसत्या बोटाने ओढून ती सुटता कामा नये. हे करताना हँडल ओढून जीभ मोकळी केल्याशिवाय दार लावू नका, नाहीतर लॉक कडीवर आपटून वाकेल.

तिसरी तक्रार आतल्या हँडलची. डाव्या दाराचं आतलं हँडल तुटलेलं असणं हे तुमच्या यार्डात इतकं नेहमीचं आहे की कोणी विचारतही नाही. बहुतेक वेळा हँडल शाबूत असतं, आतल्या सळईची प्लास्टिकची क्लिप तुटलेली असते. क्लिप किरकोळ किमतीची. ती न बसवता काचेतून हात बाहेर काढून उघडायला शिकवता. गाडी उलटली, कालव्यात गेली किंवा वायरिंग पेटलं, तर आतल्या माणसाने काय करायचं? सुतळीने बांधलेली दारंही मी तुमच्याच यार्डात बघितली आहेत.

चौथी तक्रार गंजाची. इथे थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण मराठवाडा कोरडा आहे, इथली गाडी गंजत नाही, हे वाक्य तुमच्या तोंडात बसलंय. पहिली गोष्ट, तुमच्याकडच्या सगळ्या गाड्या इथल्या नसतात. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरीकडच्या गाड्या एनओसी काढून इकडे येतात. समुद्राची खारी हवा खाल्लेल्या, काही तर मासळीचे बर्फाचे खोके वाहिलेल्या. त्या बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटीतून थेट आडव्या पट्ट्यांवर गळत असतं. दुसरी गोष्ट, इथली गाडी तरी काय वाहते? उन्हाळ्यात हौद्यात पाण्याची टाकी, दिवसभर सांडणारी. पेरणीच्या आधी युरिया आणि पोटॅशची पोती. पोटॅश हा क्लोराइडचा क्षार आहे, फाटक्या पोत्यातून सांडून सादळला की पत्र्याला मिठासारखाच खातो. बाजाराच्या दिवशी शेळ्या आणि गुरं, त्यांचं मूत कोपऱ्यात साचलेलं. पाऊस कमी म्हणून पत्रा वाचतो, असं काही नाही.

आणि हप्ते थकल्यावर ओढून आणलेल्या गाड्या. फायनान्सच्या यार्डात त्या उघड्यावर पावसाळा काढतात. काचेची रबरं फाटलेली, केबिनच्या मॅटखाली पाणी, लॉक जाम. लिलावात त्या तुम्ही ढिगाने उचलता आणि एकेक करून रंगवून विकता.

गंज कुठे असतो ते घेणाऱ्यांसाठी सांगतो. दाराच्या खालच्या दुमडलेल्या कडेत, कारण तिथली पाणी जायची भोकं चिखलाने बुजतात. पायाखालच्या रबरी मॅटच्या खाली. केबिन जिथे चेसिसवर बसते तिथल्या माउंटिंगच्या भोवती. चाकांच्या वर. हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्या खांबाला बिजागरी बसते त्या खांबात. तिथला पत्रा गेला की बिजागरीचे बोल्ट कितीही आवळा, पकडायला काही उरत नाही.

यावर तुमचा उपाय म्हणजे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी. दाराच्या पत्र्याला पोचा आला, तो ठोकून वर पातळ लांबी मारली, यात गैर काही नाही, मीही मारतो. पण खांबाच्या सडलेल्या पत्र्यावर बोटभर लांबी थापून वर रंग मारणं म्हणजे उधई लागलेल्या सऱ्याला वार्निश करणं. खालून तर काळं डांबर फासलं की सगळंच झाकतं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून घेणाऱ्याने सगळीकडे फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही किंवा फार खोल आहे. लोहचुंबक घेऊन आलेल्या एका पोराला तुमच्यातल्या एकाने ‘स्क्रॅच पडतील’ म्हणून अडवलं होतं. रंगाची इतकी काळजी असलेला माणूस त्या रंगाखाली काय ठेवतो, असा प्रश्न मला पडला.

पाचवी तक्रार फाळक्याची. फाळका बाजारात, गोदामात मागे घेताना धक्क्याला आपटतो आणि वाकतो. मग दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्या बसत नाहीत. बिजागरीच्या पिनेला अडकवायची स्प्लिट पिन हरवते आणि तिथे तार किंवा खिळा येतो. साखळीची एक बाजू नसतेच. सोयाबीनची पोती रचली, गाडी चढाला लागली की सगळा भार मागे येतो. मांजरसुंब्याच्या घाटात मागून येणारा मोटारसायकलवाला त्या तारेच्या भरवशावर असतो, आणि त्याने तर तुमच्या पावतीवर सहीसुद्धा केलेली नसते.

अपघाताच्या गाडीबद्दल थोडक्यात. मार बसलेला खांब ओढून सरळ केलेला असला तर दार आणि खांबाची फट वर एक, खाली एक अशी दिसते. अशी गाडी विकू नका असं मी म्हणत नाही. सांगून विका.

आता तुमची ठरलेली उत्तरं.

‘गाडी पासिंग झालेली आहे.’ म्हणजे फिटनेसचा दाखला आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर एकेक वर्षाचा. म्हणजे तुम्ही दाखवता तो कागद दीड वर्षापूर्वीचाही असू शकतो. त्या दिवशी गाडी कशी होती एवढंच तो सांगतो. नंतर लोंबलेल्या दाराशी त्याचा संबंध नाही. पासिंगपुरत्या भाड्याने लावलेल्या वस्तूंबद्दल इथे बोलत नाही, तो विषय आरटीओचा, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

‘गाडी धंद्याची आहे, ग्राहक आयोगात चालत नाही.’ हे चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण दिलंय: स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठीच जी वस्तू घेतली आणि स्वतः वापरली, ती व्यापारी हेतूची धरली जात नाही. एक पिकअप घेऊन स्वतः चालवणारा शेतकरी यात बसतो. जुनी वस्तूही यातून सुटत नाही. जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी विचारताही येतं.

‘आम्ही फक्त मध्ये आहोत, मालक वेगळा.’ जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्यांनी अधिकारपत्र घ्यावं, यासाठीचे नियम केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये काढले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात आली की त्याची ऑनलाइन सूचना द्यायची, ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंद ठेवायची, हे सगळं त्यात आहे. तुमच्यापैकी किती जणांच्या भिंतीवर ते अधिकारपत्र लावलेलं आहे, तुम्हीच बघा. माझ्या पाहण्यात बहुतेक यार्डांत आधीच्या मालकाची गाडी नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही घेऊन गाडी उभी असते आणि ती थेट नव्या मालकाच्या नावावर जाते. विक्रेता कागदावर कुठेच नसतो. फक्त शिक्का असतो.

‘एवढ्या पैशात एवढंच मिळणार.’ हे मात्र खरं आहे आणि याचा मी मान ठेवतो. जुनी गाडी जुनीच असणार. नवी घ्यायची ऐपत नाही म्हणून तर लोक तुमच्याकडे येतात, आणि तुम्ही नसता तर आमच्या भागातल्या निम्म्या भाजीवाल्यांना गाडीच मिळाली नसती. पण स्वस्त गाडीतही दाराने बंद राहावं एवढी अपेक्षा जास्त नाही. पिना, बुश, क्लिपा, स्प्लिट पिना आणि स्वच्छ करून नवं ग्रीस भरलेलं लॉक, हा सगळा खर्च तुम्ही नव्या रंगावर करता त्याच्या मानाने किरकोळ आहे.

म्हणून मागण्या.

पावतीवरचा तो शिक्का बंद करा. त्याऐवजी प्रत्येक गाडीसोबत एका पानाचं बॉडीचं पत्रक द्या. दोन्ही दारं, बिजागऱ्या, लॉक, आतली-बाहेरची हँडलं, फाळका, केबिनची जमीन, माउंटिंग, खांब. कुठे वेल्डिंग केलं, कुठे लांबी भरली, काय बदललं, हे तुमच्या सहीने लिहा. गाडी कोणत्या जिल्ह्यातून आली आणि लिलावाची आहे का, हेही.

दारांची लॉकं, पिना आणि फाळक्याच्या कड्या विकण्याआधी तुमच्या खर्चाने नीट करा. या एका गोष्टीवर सूट देऊन ‘तुम्ही करून घ्या’ म्हणू नका. घेणारा करून घेत नाही, पहिला हप्ता भरतो.

इसार घेण्याआधी गिऱ्हाइकाला त्याचा मिस्त्री आणू द्या, मॅट उचलू द्या, गाडीखाली शिरू द्या. रंग नंतर मारा. गाडी आहे त्या रंगात आधी दाखवा, मग हवी तेवढी चकचकीत करा.

दार आणि फाळका यांची एक महिना जबाबदारी घ्या. इंजिनाची मागत नाही.

अधिकारपत्र घ्या आणि दिसेल असं लावा.

बहिणीच्या दवाखान्याचा खर्च मी मागत नाही, दाजींनाही मागू दिला नाही. तो घेऊन प्रकरण मिटलं असतं आणि शिक्का राहिला असता. मला उत्तर दसऱ्याच्या आत हवं आहे. सोयाबीनचे पैसे हातात आले की लोक मुहूर्ताला तुमच्या दारात उभे राहणार, त्याआधी हे ठरायला पाहिजे. ठरलं नाही तर ज्यांच्या गाड्या माझ्याकडे उघड्या पडतील त्यांना मी फोटो काढून, काय सापडलं ते लिहून देईन, म्हणजे ग्राहक आयोगात तक्रारीला जोडता येईल. त्याचे पैसे घेणार नाही.

पत्रकाचा नमुना मी तयार केला आहे. एक पान, बारा ओळी, शेवटी दोन सह्या. झेरॉक्स काढून गॅरेजवर ठेवल्या आहेत. ज्या विक्रेत्याला हवा असेल त्याने पोरगं पाठवावं.

आपला,
पत्र्याचा एक कारागीर, जि. बीड